हंगामी फुलांच्या वाणांची पारख

हंगामी फुलझाड एका हंगामात रुजते, वाढते, फुलते, बी धरते आणि संपते. झेंडू, ॲस्टर, झिनिया, तेरडा, कोंबडा, कॉसमॉस ही त्यातली घरोघरी माहीत असलेली नावे. गुलाबाचा किंवा जास्वंदीचा वाण चुकला तर छाटणी, खत आणि धीर यांच्या जोरावर काही वर्षांत ती चूक सावरता येते. हंगामी फुलाला तेवढा वेळ नसतो. त्याचे सगळे आयुष्य चार-पाच महिन्यांचे, आणि त्यातले फुलाचे दिवस दीड-दोन महिन्यांचे. त्यामुळे कोणता वाण लावला, यावरच बागेचा त्या वर्षीचा हंगाम बराचसा ठरून जातो.

प्रत्यक्षात निवड होते ती बियांच्या पाकिटावरचे चित्र पाहून, नाहीतर रोपवाटिकेत ट्रेमध्ये उभ्या असलेल्या दोन-चार फुललेल्या रोपांवरून. चित्र एका दिवसाचे असते, तेही ऐन भरातल्या दिवसाचे. त्या दिवसाआधी किती थांबावे लागले आणि त्यानंतर झाड किती दिवस पाहण्यासारखे राहिले, हे त्यात दिसत नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण माणसांसाठी वापरली जाते. पण फुलांचे वाण निवडतानाही पहिला प्रश्न तोच असतो. रंग किती गडद, यापेक्षा तो किती दिवस टिकला, हे आधी पाहावे.

एकाच भागातल्या तीन बागा

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके नकाशावर शेजारी आहेत, पण बागेच्या दृष्टीने त्यांचे उभे तीन पट्टे पडतात. पश्चिमेला सह्याद्रीचा माथा. आपटाळ्याच्या वरची गावे, नाणेघाट आणि माळशेजचा परिसर, आंबेगावात डिंभे धरणाच्या वरचा भाग आणि भीमाशंकरचे डोंगर हे सारे या पट्ट्यात येते. इथे पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, आणि माती लालसर, आम्लतेकडे झुकणारी असते. मधल्या पट्ट्यात जुन्नर, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर, कळंब ही गावे. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांचे आणि कालव्यांचे पाणी, मध्यम ते भारी काळी जमीन, आणि हिवाळ्यात दहा अंशांच्या खाली उतरणारी पहाट ही इथली ओळख. पूर्वेकडे बेल्हे, आणे पठार, लोणी, धामणी. इथे पाऊस बेताचा, वारा भरपूर, माती कुठे मुरमाड तर कुठे चुनखडीची, आणि विहिरीचे पाणी बऱ्याचदा क्षारयुक्त.

या तीन पट्ट्यांत एकच वाण लावला तर तीन वेगळे निकाल मिळतात. मोठ्या, गच्च पाकळ्यांचा आफ्रिकन झेंडू मंचरला नवरात्रात डौलाने उभा असतो. तोच डिंभ्याच्या वर जुलै-ऑगस्टमध्ये फुलला तर पाकळ्यांत पाणी साठून फूल आतून कुजते आणि फांदी वजनाने मोडते. धामणीला त्याचे फूल कुजत नाही, पण कोरड्या हवेत पानांवर लाल कोळी चढते. एकाच वाणाचे हे तीन चेहरे लक्षात घेतले म्हणजे ‘सर्वांत चांगला झेंडू कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर का नसते, ते कळते. पुण्याच्या बागेत ठरलेला पहिला क्रमांक आणे पठारावर पहिला राहीलच असे नाही. दिल्लीत मोजलेले दिवस तर इथे क्वचितच जुळतात.

दिल्लीचा उल्लेख उगाच केलेला नाही. झेंडूच्या प्रसिद्ध सरकारी वाणांपैकी ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’ हे दोन्ही दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे. पुसा नारंगीला पेरणीपासून फुलापर्यंत १२५ ते १३६ दिवस लागतात आणि पुसा बसंतीला १३५ ते १४५, असे त्यांच्या माहितीत असते. हे आकडे उत्तर भारताच्या मैदानी हवामानातले आहेत. जुन्नर सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर असून तिथला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. आफ्रिकन झेंडू दिवस लहान होऊ लागले की लवकर कळी धरतो. म्हणून जूनच्या आणि सप्टेंबरच्या पेरणीत एकाच वाणाचे दिवस वेगळे भरतात. पाकिटावरचा दिवसांचा आकडा अंदाजापुरता घ्यावा. खरा आकडा आपल्या वाफ्यातच मिळतो.

तुलना कशाशी आणि कशासाठी

तुलनेआधी हेतू ठरवावा लागतो, कारण हेतू बदलला की क्रम बदलतो. अंगणातल्या किंवा ओट्यापुढच्या वाफ्याला ठेंगणे, पसरणारे, दोन-अडीच महिने सतत फुलणारे झाड हवे. देवाला आणि हाराला लागणाऱ्या फुलाला देठ नसला तरी चालतो, पण फूल तोडल्यावर दुसऱ्या दिवशी पाकळ्या गळता कामा नयेत. कल्याणच्या किंवा पुण्याच्या बाजारात पाठवायचे फूल टोपलीतला प्रवास सोसणारे हवे. आणि नारायणगाव परिसरात झेंडूला चौथे कामही असते: टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी सापळा. टोमॅटोच्या १४ ओळींमागे झेंडूची १ ओळ, आणि लावताना टोमॅटोचे रोप सुमारे २५ दिवसांचे तर झेंडूचे ४० दिवसांचे, अशी ही पद्धत आहे. तिथे वाण किती दिवस फुलतो याला दुय्यम महत्त्व. टोमॅटोला फुले येण्याच्या वेळी झेंडूही फुललेला आणि उंच असला पाहिजे. अंगणात नापास झालेला उंच, बांबूचा आधार मागणारा वाण या कामात पहिला येऊ शकतो.

हेतू ठरला की तुलनेसाठी एक ओळखीचा वाण घ्यावा. ज्याचे गुणदोष आधीच माहीत आहेत, जो गावात चार जणांकडे आहे, असा. नवा वाण त्याच्या शेजारी उभा राहिला तरच तो खरोखर सरस आहे की त्या वर्षीचे हवामानच चांगले होते, हे समजते. अमेरिकेत १९३२ साली सुरू झालेली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ ही चाचणीव्यवस्था आजही याच तत्त्वावर चालते: नवा वाण त्याच प्रकारातल्या प्रचलित वाणाशेजारी लावायचा आणि परीक्षकांनी तो प्रत्यक्ष वाफ्यात पाहायचा. ठेंगणा वाण ठेंगण्याशी आणि उंच उंचाशी, ही त्यातली साधी शिस्त. वीतभर उंचीच्या फ्रेंच झेंडूची तुलना कमरेएवढ्या आफ्रिकन झेंडूशी केली तर निकाल मिळतो, पण त्याचा उपयोग काही नसतो.

रोपांचे मूळही एकसारखे असावे. बाजारात ‘कलकत्ता’ म्हणून मिळणारा झेंडू पुष्कळदा फाटे लावून वाढवलेला असतो. फाट्याचे रोप बियांच्या रोपापेक्षा लवकर फुलते आणि ठेंगणे राहते. ते बियांच्या रोपाशेजारी ठेवून ‘हा वाण लवकर येतो’ म्हणणे म्हणजे वयाने मोठ्या मुलाला धाकट्याबरोबर पळवण्यासारखे आहे. पेरणी एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये, त्याच कोकोपीटमध्ये करावी. रोपवाटिकेतून आणताना ‘पितांबर’, ‘अष्टगंधा’ अशा बाजारी नावावर न थांबता बियाण्याची कंपनी, लॉट क्रमांक आणि पाकिटावरची तारीख टिपून घ्यावी. पुढच्या वर्षी तेच नाव असले तरी आतले बियाणे तेच असेल याची खात्री नसते.

वाफ्यांची मांडणी

तीन वाणांची तुलना एका गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही नीट होते. १.८ मीटर × १.२ मीटरचे नऊ वाफे करावेत. दोन ओळींत ४५ सेंमी आणि दोन रोपांत ३० सेंमी अंतर ठेवले तर एका वाफ्यात १६ रोपे बसतात, नऊ वाफ्यांत १४४. नांगे भरण्यासाठी दहा-पंधरा टक्के रोपे जास्त तयार करावीत. प्रत्येक वाण तीन वाफ्यांत येतो. वाफे तीन आडव्या आणि तीन उभ्या रांगांत मांडावेत: पहिल्या रांगेत अ, ब, क, दुसऱ्या रांगेत ब, क, अ, तिसऱ्या रांगेत क, अ, ब. म्हणजे प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत एकदाच येतो. उताराकडच्या वाफ्यात पाणी जास्त मुरते, आंब्याच्या झाडाकडच्या बाजूला सावली पडते, विहिरीकडच्या टोकाला ठिबकचा दाब जास्त असतो. या मांडणीत हे सगळे फरक तिन्ही वाणांच्या वाट्याला सारखे येतात.

तीन वाण तीन सलग सरींत लावणे सोपे असते आणि बहुतेक लोक तेच करतात. पण मग शेवटची सरी बांधाच्या कडेला येते, आणि तिथली झाडे मागे पडली तर दोष वाणाचा की बांधावरच्या गवताचा, ते कधीच कळत नाही. प्रत्येक वाण एकापेक्षा अधिक वेळा लावणे आणि त्याची जागा आपल्या मर्जीने न ठरवणे हे कृषी प्रयोगाचे मूळ सूत्र आहे. व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचा कृषी संख्याशास्त्रावरचा ग्रंथ १९५४ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. देशभरच्या कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या. परसबागेला त्यातले गणित लागत नाही. पुनरावृत्ती मात्र टाळू नये.

नोंद घेताना वाफ्याच्या कडेची झाडे सोडून द्यावीत. त्यांना उजेड आणि जागा जास्त मिळते, त्यामुळे ती फसवी असतात. सोळा रोपांच्या वाफ्यात मधली चार झाडे उरतात, तेवढी पुरेशी आहेत. खत, पाणी, खुरपणी आणि फवारणी सगळ्या वाफ्यांना एकाच दिवशी आणि सारख्या मात्रेत द्यावी. झेंडूचा शेंडा खुडायचा असेल तर सगळ्यांचा खुडावा, नाहीतर कोणाचाच नाही. खुडल्याने फांद्या आणि फुले वाढतात, पण पहिले फूल साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लांबते. एका वाणाचा शेंडा खुडून दुसऱ्याचा तसाच ठेवला तर तुलना तिथेच संपते. वाळलेली फुले काढायची की नाही, हेही आधीच ठरवावे. जो वाण स्वतःहून जुनी फुले झाकून नवी वर काढतो, त्याचा तो गुण फुले न काढताच दिसतो. घरी रोज वेळ देणाऱ्या माणसाला मात्र त्या गुणाची तेवढी गरज नसते.

वहीत काय लिहावे

पेरणीची तारीख, उगवलेल्या बियांची संख्या, लागवडीची तारीख आणि लागवडीनंतर दोन आठवड्यांनी मेलेली रोपे, एवढे सुरुवातीला पुरते. पहिले फूल कधी आले हे लिहिताना एकट्या उतावळ्या झाडाकडे पाहू नये. वाफ्यातल्या निम्म्या झाडांवर एकेक फूल उमलले तो दिवस धरावा. मग दर आठवड्याला एक ठरलेला वार, एक ठरलेली वेळ आणि शक्यतो एकच माणूस. वेळेचे बंधन काटेकोर पाळावे लागते, याचे उत्तम उदाहरण ऑफिस टाइम या फुलाचे. सकाळी दहाला वाफा गालिच्यासारखा असतो, चार वाजता तोच वाफा नुसता हिरवा दिसतो. सकाळचीच वेळ ठेवण्याला या भागात आणखी एक कारण आहे: संध्याकाळी उशिरा उसाकडच्या बांधावर रेंगाळणे बिबटे वावरणाऱ्या या तालुक्यांत शहाणपणाचे नाही.

दर आठवड्याला वाफ्याला शून्य ते नऊ असे गुण द्यावेत. शून्य म्हणजे फूल नाही किंवा झाड गेले, नऊ म्हणजे पाहणारा थांबेल असा वाफा. त्याखाली एका ओळीत कारण: करपा आला, पावसाने लोळला, कोळी वाढली, फुले फिकी पडली. हे गुण शेवटी कसे वापरायचे, ते एका काल्पनिक जोडीवरून पाहता येते. समजा, पहिल्या वाणाला दहा आठवड्यांत ३, ७, ९, ९, ६, ३, २, १, ०, ० असे गुण मिळाले आणि दुसऱ्याला ०, २, ५, ७, ७, ७, ७, ६, ६, ५. चौथ्या आठवड्यात बाग पाहायला आलेला माणूस पहिल्या वाणाचेच नाव लिहून नेईल. पण बेरीज पहिल्याची ४० आणि दुसऱ्याची ५२ आहे. सहा किंवा अधिक गुणांचे आठवडे पहिल्याचे चार, दुसऱ्याचे सहा. अंगणासाठी दुसरा वाण घ्यावा. लग्नाचा मांडव किंवा नेमक्या सणाची तोडणी असेल तर पहिला. बेरीज, चांगले आठवडे आणि सर्वांत वरचा गुण हे तीन आकडे वेगवेगळे लिहून ठेवले तर दोन्ही प्रश्नांना एकाच वहीतून उत्तर मिळते.

मोबाइलवर दर आठवड्याला त्याच जागेवरून एक फोटो काढावा. आठवण भराच्या दिवसाला चिकटून राहते; फोटो पडता काळही दाखवतो.

झेंडू

नावाने आफ्रिकन आणि फ्रेंच असलेले झेंडू मूळचे मेक्सिकोच्या बाजूचे, आणि दसऱ्याला त्यांच्याशिवाय महाराष्ट्राचे पान हलत नाही. आफ्रिकन झेंडू उंच आणि मोठ्या फुलाचा, फ्रेंच ठेंगणा आणि लहान फुलांचा. या दोघांच्या संकरातून आलेल्या काही वाणांना बी धरत नाही. बी धरण्यावर ताकद न गेल्याने त्यांचा फुलोरा लांबतो, पण बियाणे महाग असते आणि उगवण कमी. पश्चिम पट्ट्यात पावसाळी वाफ्यासाठी फ्रेंच झेंडूच घ्यावा. त्याच्या विरळ पाकळ्यांतून पाणी निथळते. आफ्रिकनमधले ‘इंका’सारखे ठेंगणे संकरित वाण कुंडीत आणि ओट्यावर देखणे दिसतात, मात्र त्यांचे जड फूल उघड्या पावसात टिकत नाही. मधल्या पट्ट्यात पुढची कसोटी करप्याची असते: सप्टेंबरच्या ढगाळ, दमट आठवड्यांत कोणत्या वाणाची खालची पाने तपकिरी होऊन गळतात, ते नोंदवावे. खाली उघडा पडलेला झेंडू वर कितीही फुलला तरी वाफा म्हणून शोभत नाही.

विक्रीसाठी किंवा घरच्या तोरणासाठी दिवसांचा हिशेब दसऱ्यापासून मागे करावा लागतो, आणि दसरा जागेवर राहत नाही. २०२३ मध्ये तो २४ ऑक्टोबरला आला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. मधे अधिक मास आला की तो पुन्हा पुढे सरकतो. दरवर्षी एकाच तारखेला पेरणाऱ्याचा झेंडू कधी सणाआधी ओसरतो तर कधी दिवाळीत येतो. वाण आपल्या जमिनीत किती दिवसांनी भरात येतो आणि तो भर किती दिवस टिकतो, हे दोन आकडे माहीत असतील तरच मागे मोजता येते. ज्याचा भर लांब, तो वाण दोन-चार दिवसांची चूक पोटात घालतो. ज्याचा भर आठवड्याचा, तो घालत नाही. गोंड्याचा टणकपणाही याच वेळी पाहावा. तोडलेली दहा फुले सावलीत टोपलीत ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पाकळ्या किती गळाल्या, एवढी साधी चाचणी पुरते.

टोमॅटोच्या शेजारी झेंडू असेल तर फुलकिड्यांवर लक्ष हवे. फुलांत लपलेले फुलकिडे टोमॅटोवर जातात आणि विषाणुजन्य रोग पसरवतात. सगळे वाण सारखेच बाधित झाले तर वाणाला दोष देता येत नाही. एखाद्यावर ते ठळकपणे जास्त दिसले तर तो टोमॅटोपासून दूर ठेवावा.

ॲस्टर

बाजारातला ॲस्टर म्हणजे चिनी ॲस्टर, थंडीचे फूल. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पेरणीतून तो हिवाळ्यात फुलतो आणि मधल्या पट्ट्यातल्या थंड पहाटा त्याला मानवतात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्राचे ‘फुले गणेश व्हाइट’, ‘फुले गणेश पिंक’, ‘फुले गणेश व्हायोलेट’ आणि ‘फुले गणेश पर्पल’ हे वाण याच हवामानात निवडलेले असल्याने तुलनेचा ओळखीचा वाण म्हणून त्यांच्यापैकी एक घ्यावा. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे ‘कामिनी’, ‘पौर्णिमा’, ‘शशांक’, ‘व्हायोलेट कुशन’ हेही त्यांच्या शेजारी लावून पाहण्याजोगे.

ॲस्टरची तुलना झेंडूच्या मापाने करू नये. तो एकदाच भरभरून येतो, आणि मुख्य फुले कापली की मागे फारसे काही उरत नाही. त्यामुळे आठवड्यांच्या बेरजेत तो नेहमीच मागे पडतो. त्याच्यासाठी देठाची लांबी, एकाच वेळी उमललेल्या फुलांची संख्या आणि पाण्यात ठेवल्यावर टिकलेले दिवस मोजावेत. दोन वाणांच्या फुलोऱ्यात दोन आठवड्यांचे अंतर असेल तर दोन्ही लावणे हाच अंगणाला खरा फायदा.

ॲस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर ओसरते. वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेले पाकीट घेऊन ‘वाण कमकुवत’ असा निष्कर्ष काढणे सहज घडते. म्हणून पेरणीआधी प्रत्येक वाणाच्या ५० बिया ओल्या कागदात गुंडाळून उगवण मोजावी. आणि ज्या वाफ्यात मागच्या वर्षी ॲस्टर मर रोगाने गेला, तिथे नवी तुलना लावू नये. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते. मर सहन करणारा वाण शोधण्याचा तो रस्ता आहे खरा, पण घरच्या बागेला तो परवडत नाही.

झिनिया, तेरडा आणि बाकीची मंडळी

झिनियात वाणावाणांतला फरक इतका ठळक असतो की नवख्यालाही दिसतो. मोठ्या, डेलियासारख्या फुलांचे जुने वाण पावसात पानावरच्या ठिपक्यांनी आणि पावसानंतरच्या थंडीत भुरीने काळवंडतात. वर फूल लखलखीत आणि खाली पाने राखाडी. जपानच्या साकाटा कंपनीची ‘प्रोफ्युजन’ ही संकरित मालिका लहान फुलांची, ठेंगणी, पण या दोन्ही रोगांना बरीच दाद न देणारी. तिच्यातल्या दोन रंगांना १९९९ मध्ये ऑल-अमेरिकाचे सुवर्णपदक मिळाले होते. फुलदाणीसाठी मोठा वाण आणि वाफ्यासाठी प्रोफ्युजन, अशी वाटणी या भागात योग्य ठरते. झिनियाला उपटून लावणे आवडत नाही. बी थेट वाफ्यात टोकावे, नाहीतर रोप लावताना बसलेला धक्काच वाणाचा दोष म्हणून वहीत जातो.

तेरडा इथला घरचा. भाद्रपदात नाणेघाटाच्या आणि माळशेजच्या उतारांवर जंगली तेरड्याचे गुलाबी पट्टे दिसतात, आणि कित्येक घरांत तेरड्याच्याच गौरी येतात. बागेतले दुहेरी फुलांचे वाण याच वनस्पतीचे. पश्चिम पट्ट्याच्या पावसाळी सावलीत ज्याने हमखास फुलावे असे हंगामी झाड तेरड्याइतके दुसरे नाही; पूर्वेकडे मात्र दुपारच्या उन्हात तो मान टाकतो. तुलना करताना फुले खोडालगत पानांत दडतात की पानांवर दिसतात, हे पाहावे. दुहेरी फूल पानाखाली राहिले तर उपयोग नाही. शेंगा फुटून बी उडत असल्याने गेल्या वर्षीच्या तेरड्याच्या जागी नवी तुलना लावली तर जुनी रोपे मिसळतात.

कॉसमॉसच्या बाबतीत सौंदर्यापेक्षा दुसरी गोष्ट आधी पाहावी लागते. पिवळा-नारिंगी कॉसमॉस आपोआप पसरतो, आणि पुणे जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर तो रानटी होऊन देशी रानफुलांच्या जागा बळकावताना दिसतो. बिनकष्टाने पुन्हा उगवणे हा शहरातल्या बागेत गुण मानला जातो. भीमाशंकर अभयारण्याच्या किंवा नाणेघाटाच्या कडेला तो दोष म्हणूनच वहीत लिहावा आणि तो कॉसमॉस तिथे लावू नये. हौस असेल तर गुलाबी कॉसमॉस घ्यावा, तोही बी पडण्याआधी कापावा.

पूर्व पट्ट्यासाठी कोंबडा, गोंफ्रेना आणि गलांडा यांच्यापासून सुरुवात करावी. वारा आणि कमी पाणी सोसण्यात ही तिन्ही कणखर आहेत. गोंफ्रेनाचे बटणासारखे फूल वाळल्यावरही रंग टिकवते, म्हणून आठवड्याच्या गुणांत ते अनपेक्षितपणे पुढे जाते. उन्हाळ्यात ऑफिस टाइम आणि सदाफुली. सदाफुली खरे तर बारमाही, पण वाफ्यात तिला हंगामी म्हणून लावले जाते. ती उन्हाने मरत नाही, साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या बुरशीने मरते. ‘कोरा एक्सडीआर’सारखे वाण त्या बुरशीला तोंड देण्यासाठीच निवडलेले आहेत, आणि त्यांचा कस जुलैमध्येच लागतो, मे महिन्यात सगळ्याच सदाफुल्या सारख्या दिसतात.

थंडीतली पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस, पॅन्सी ही मधल्या पट्ट्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगली चालतात. पिटुनियात मोठ्या फुलांचे वाण अवकाळी पावसाच्या एका सरीत फाटतात, लहान फुलांचे दोन-तीन दिवसांत सावरतात. चुनखडीच्या जमिनीत पिटुनियाची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाच्या कमतरतेचा परिणाम आहे. तो सगळ्या वाणांवर दिसला तर आधी माती सुधारावी, किंवा तुलना कुंडीत शेणखत मिसळलेल्या मातीत करावी.

दुसरे वर्ष

एका हंगामाचा निकाल त्या हंगामापुरता असतो. पाऊस लांबला की सगळी क्रमवारी हलते. पहिल्या वर्षी तीनपैकी जो वाण स्पष्ट मागे पडला तो वगळून त्याच्या जागी एक नवा घ्यावा, ओळखीचा वाण मात्र तोच ठेवावा. म्हणजे दोन वर्षांच्या नोंदी एकमेकींना जोडता येतात. संकरित वाणाचे घरचे बी पेरून दुसऱ्या वर्षीची तुलना करू नये. त्या बियांतून उंची, रंग आणि गोंड्याचा आकार वेगवेगळा निघतो. सरळ वाणाचे बी ठेवता येते, पण शेजारी दुसरा झेंडू फुललेला असेल तर मधमाश्या दोन्ही एक करतात.

नवे वाण शोधायला जवळच्या जागा आहेत. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र, पुण्यातले गणेशखिंडचे केंद्र आणि पुण्यातच असलेले भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय इथे वाणांची चौकशी करता येते. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन रंग आणि आकार पाहायला उत्तम. पण तिथली कुंडीतली झाडे त्या दोन-चार दिवसांसाठीच जपून तयार केलेली असतात. तिथून वाणाचे नाव टिपून आणावे, गुण मात्र आपल्या वाफ्यात द्यावेत. शेजारच्या दोन-तीन घरांनी तेच तीन वाण, त्याच तारखेला, त्याच मांडणीत लावले तर एका वर्षात तीन बागांच्या नोंदी मिळतात. त्यातले एक घर आपटाळ्याकडे आणि एक बेल्ह्याकडे असेल, तर वर सांगितलेला पट्ट्यांचा फरक एकाच हंगामात वहीत उतरतो.